पाळी जाताना कुणाला विचारायचं?

ठाण्याच्या एका बँक अधिकारी बाईंनी आपली फाइल माझ्यापुढे ठेवली. वय ४७. कागद तारखेनुसार लावलेले. सुरुवातीला ईसीजी, कारण रात्री तीनला छाती धडधडून जाग यायची. मग टू-डी इको. मग थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी. पुढे उजवा हात वर जाईना, म्हणून हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, खांद्याचा एमआरआय, फिजिओथेरपीची बिलं. त्यानंतर झोपेची गोळी. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांचा कागद. कार्यालयातल्या एका साध्या ई-मेलवरून बाईंना रडू कोसळलं होतं आणि ते थांबेना. व्हिटॅमिन डी सोडलं तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण पाळी शेवटची कधी आली, किती दिवसांनी आली, पूर्वीपेक्षा जास्त जाते का, याची नोंद त्या जाडजूड फाइलमध्ये कुठेही नाही.

"कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी तरी कशाला सांगेन? धडधडण्याचा आणि पाळीचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो जुळवून बघायला कुणी बसत नाही, हे मला या लेखासाठी भेटलेल्या बायकांकडून पुन्हापुन्हा ऐकायला मिळालं. प्रत्येक अवयवाचा डॉक्टर वेगळा, प्रत्येकाने आपापला अवयव तपासून 'काही नाही' म्हणून परत पाठवलेलं. बाईला मात्र काहीतरी होतंय हे पक्कं ठाऊक असतं. 'काही नाही' हा शब्द तिसऱ्यांदा ऐकला की ती स्वतःवरच संशय घ्यायला लागते.

पाळी जाणं ही एका दिवसाची घटना नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की मागे वळून 'रजोनिवृत्ती झाली' असं म्हणता येतं. त्याआधीची चार-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त, म्हणजे पेरिमेनोपॉज. खरा त्रास बहुतेकींना याच काळात होतो, आणि याच काळात पाळी चालू असल्यामुळे 'तुमचं अजून वय नाही' असं सांगितलं जातं. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. परदेशी पुस्तकांतलं वय डोक्यात ठेवून बसलेल्या डॉक्टरला समोरची ४१ वर्षांची बाई या हिशेबात बसतच नाही. आपल्याकडे मात्र तिचा काळ सुरू झालेला असू शकतो.

या वर्षांत बीजकोशांतून इस्ट्रोजेन हळूहळू, शिस्तीत कमी होत जातं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज वरखाली व्हावं तसा प्रकार असतो. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन तिशीतल्यापेक्षाही जास्त चढतं, पुढच्या महिन्यात एकदम खाली येतं. बीज बाहेर पडलं नाही तर त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही, गर्भपिशवीचं अस्तर जाड होत राहतं आणि मग पाळी आली की गाठी जातात. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र इस्ट्रोजेनच्या या चढउताराने हळवं होतं. खोली थोडीशी गरम झाली तरी ते धोक्याचा इशारा समजतं आणि अंगातून गरम वाफा निघतात, मान-पाठ घामाने भिजते, छाती धडधडते. झोप मोडते. विसरायला होतं, चिडचिड होते, आणि आधी कधी नैराश्य येऊन गेलेलं असेल तर ते परतण्याची शक्यता वाढते. सांधे धरतात. योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते.

अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या 'स्वान' या मोठ्या पाहणीत गरम वाफांचा त्रास साधारण साडेसात वर्षं चालल्याचं दिसलं. काही गटांत दहा वर्षं. त्या पाहणीत चिनी, जपानी, कृष्णवर्णीय, लॅटिनो, गोऱ्या अशा सगळ्या बायका होत्या, भारतीयांचा गट नव्हता. साडेसात वर्षं काढायची असतील तर 'थोडे दिवस सहन करा' हा सल्ला होऊ शकत नाही.

आणि निदानासाठी रक्ततपासणी लागते असंही नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१५ सालीच सांगून ठेवलं आहे की ४५ वर्षांपुढच्या बाईचं निदान तिच्या लक्षणांवरून आणि पाळीच्या वेळापत्रकावरून करावं, एफएसएच या हार्मोनची तपासणी त्यासाठी करू नये. कारण उघड आहे: ज्या हार्मोनचा आकडा दर आठवड्याला बदलतो, त्याचा एका सकाळचा आकडा घेऊन काय कळणार? तरी आपल्याकडे पहिल्या चिठ्ठीवर एफएसएच असतंच, आणि तो नॉर्मल आला की दार बंद. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघायलाच हवं. दोन्हींची लक्षणं या काळाशी मिसळून जातात आणि दोन्हींवर वेगळे उपचार आहेत.

चांगली तपासणी कशी असते हे मला साताऱ्यात बघायला मिळालं. तिथल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या ओपीडीत मी पेशंटच्या संमतीने एक दुपार बसले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या एक बाई जावेला घेऊन आल्या होत्या. त्यांनी पर्समधून कालनिर्णयची फाडलेली पानं काढली. तारखांभोवती निळ्या पेनाने गोल, काही गोलांच्या आत फुली. "फुली म्हणजे जास्त गेलं त्या दिवशी," त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी पानं टेबलावर ओळीने मांडली आणि बोटाने दिवस मोजले. बावीस, एकोणचाळीस, सव्वीस, मग एकदम एकसष्ट. दोन पाळ्यांतलं अंतर आठवड्याहून जास्त वरखाली व्हायला लागलं की हा काळ सुरू झाला असं समजतात. साठ दिवसांहून मोठा खंड पडला की शेवटचा टप्पा जवळ आला. त्या पानांवरून हे सगळं दिसत होतं. कुठल्याही लॅबने इतकी माहिती दिली नसती.

मग प्रश्न सुरू झाले. झोप किती वाजता मोडते? उठून पंखा वाढवता का? वर्गात शब्द आठवत नाही असं होतं का? घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? पायात रक्ताची गुठळी? अर्धशिशी? आईचं कमरेचं हाड मोडलं होतं का? रक्तदाब घेतला, वजन घेतलं. नंतर डॉक्टरांनी जावेला बाहेर बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, मिस्टरांजवळ जाताना दुखतं का?"

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, मॅडम. मी टाळतेच. ते म्हणतात, तुला माझ्यात गोडी राहिली नाही."

त्या दोन वर्षांत या बाईंनी लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिकचे किती कोर्स घेतले असतील याचा त्यांना हिशेब नव्हता. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ होते, संसर्ग वारंवार होतो. त्यावर इस्ट्रिऑलचं क्रीम मिळतं, आत लावायचं. रक्तात ते जवळजवळ उतरत नाही. पहिले दोन-तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. गरम वाफा पुढे कमी होतात, हा त्रास मात्र उपचार केला नाही तर वयाबरोबर वाढतच जातो. एवढं साधं औषध दोन वर्षं मिळालं नाही, कारण तो एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो विचारायला दार बंद करावं लागतं आणि वीस मिनिटं द्यावी लागतात. साठ पेशंटच्या ओपीडीत वीस मिनिटं कुठून आणायची, हा डॉक्टरांचा प्रश्नही खोटा नाही.

"हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या म्हणजे कॅन्सर होणार ना?" बाईंनी शेवटी विचारलं. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काही डॉक्टरही पेशंटने विचारायच्या आधी तोच उच्चारून मोकळे होतात.

या भीतीचा जन्म जुलै २००२ मधला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा अभ्यास १९९१ साली हाती घेतला होता. त्याच्या एका भागात १६,६०८ बायकांना दोन गटांत विभागलं. एकाला घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन, दुसऱ्याला नुसती साखरेची गोळी. ठरलेल्या मुदतीआधीच तो भाग थांबवला गेला, कारण औषध घेणाऱ्या गटात स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त दिसल्या. जगभर मथळे झळकले: कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला. काही महिन्यांत लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद उलटा केला आणि त्या २६ टक्क्यांचा अर्थ मांडून दाखवला. १०,००० बायका एक वर्ष. औषध न घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर ३० जणींना झाला. औषध घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे १०,०००मागे वर्षाला आठ जास्त. शिवाय कमरेच्या हाडाची मोडतोड पाच जणींची कमी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहा जणींचा कमी. आकडे तेच, पण २६ टक्के ऐकताना पोटात जो गोळा येतो तो इथे येत नाही. आठ म्हणजे शून्य नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शिवाय त्या बायका कोण होत्या? ५० ते ७९ वयाच्या, सरासरी ६३. दोन तृतीयांश साठीच्या पुढच्या, म्हणजे पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या. त्यांच्या रक्तवाहिन्यांत वयाने जे साचायचं ते साचलेलं. गरम वाफांनी हैराण झालेल्या ४७ वर्षांच्या बाईला त्यांचा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. वयोगटांप्रमाणे आकडे पुन्हा मांडले तेव्हा साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांचं चित्र पुष्कळ बरं निघालं. ज्यांची गर्भपिशवी काढलेली होती आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं, अशा १०,७३९ बायकांच्या दुसऱ्या भागात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पुढच्या दीर्घ पाठपुराव्यात तो कमीच आढळला. पक्षाघात मात्र वाढला होता, म्हणून तो भागही २००४ मध्ये थांबवला. २०१७ साली १८ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला: एकूण मृत्यूंत वाढ नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरचा हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा काढण्याचं जाहीर केलं. गर्भपिशवी असलेल्या बाईने नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, हा इशारा राहिला, आणि तो राहायलाच हवा. १९७५ सालापासून ती गोष्ट पक्की ठाऊक आहे.

आपल्याकडची गोष्ट मला यातही वेगळी वाटते. अमेरिकेत हे औषध लाखो बायका घेत होत्या, मग भीती आली. आपल्याकडे औषध घराघरांत पोचलंच नव्हतं. भीती मात्र पोचली आणि वीस वर्षांहून जास्त मुक्कामाला राहिली.

आता उपचार प्रत्यक्षात कसा असतो ते सांगते, कारण 'हार्मोन' म्हटलं की बायकांना इंजेक्शनांचा काहीतरी मोठा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. दोन गोष्टी असतात. एक इस्ट्रोजेन: गोळी, किंवा दंडावर-मांडीवर चोळायचं पारदर्शक जेल. जेल त्वचेतून जातं, यकृतातून नाही; त्यामुळे गुठळ्यांचा जो धोका गोळीने थोडा वाढतो तो जेलने वाढल्याचं आजवरच्या निरीक्षणांत दिसलेलं नाही. वजन जास्त असेल, रक्तदाब असेल, अर्धशिशी असेल तर म्हणून जेल बरं. दुसरी गोष्ट प्रोजेस्टेरॉन, गर्भपिशवीच्या रक्षणासाठी. आता बहुतेक ठिकाणी शरीरातल्यासारखंच असलेलं प्रोजेस्टेरॉन वापरतात, रात्री झोपताना कॅप्सूल. त्याने झोपही जरा बरी लागते. पाळी अजून चालू असेल तर महिन्यातले बारा-चौदा दिवस, पाळी थांबली असेल तर रोज. दोन्ही औषधं आपल्या केमिस्टकडे मिळतात. खर्च ब्रँडप्रमाणे महिन्याला काही शे ते दीड-दोन हजार. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून वर्षाचं एक प्रमाणपत्र घेतलं की सुमारे वीस पौंडांत वर्षभराचे हे हार्मोन मिळतात. आपल्याकडे महागडा ब्रँड घेतला तर तेवढ्या पैशांत महिना-दोन महिनेच निघतात.

फरक पडायला तीन-चार आठवडे लागतात. तीन महिन्यांनी परत दाखवायचं, मग वर्षातून एकदा. डोस पहिल्याच फटक्यात बसेल असं नाही. सुरुवातीला स्तन दुखतात, मधूनच डाग दिसतो. या तीन महिन्यांत फोनवर 'हे चालायचं, घाबरू नका' एवढं सांगणारं कुणी नसेल तर बाई गोळ्या बंद करते आणि मैत्रिणींना सांगते, माझ्या अंगाला लागल्या नाहीत. आणखी एक, पेरिमेनोपॉजमध्ये दिवस राहू शकतात. एचआरटी, म्हणजे हे हार्मोनचे उपचार, गर्भनिरोधक नव्हेत. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

सगळ्यांनी घ्यावं असं हे औषध नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आलेला असेल, यकृत बिघडलेलं असेल, किंवा योनीतून होणाऱ्या रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नसेल तर नाही. अशा बायकांनाही रिकाम्या हाताने परत पाठवायचं कारण नाही. काही नैराश्यविरोधी औषधं कमी मात्रेत गरम वाफांवर चालतात, गॅबापेंटिन चालतं, आणि विचार-वर्तन उपचाराने त्रासाचा जाच कमी होतो. वजन उचलण्याचा व्यायाम हाडांसाठी कुणालाही सोडता येणार नाही. पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षं हाडं सगळ्यांत वेगाने झिजतात.

अलीकडे मोबाइलवर वारं उलट्या दिशेने वाहतंय. हार्मोन घ्या, त्वचा उजळेल, स्मरणशक्ती राहील, हृदय तरुण राहील. १९६६ साली अमेरिकेत 'फेमिनाइन फॉरएव्हर' हे पुस्तक असंच गाजलं होतं, आणि त्यामागे औषध कंपन्यांचा पैसा असल्याचं पुढे उघड झालं. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी किंवा निरोगी हृदयाला कवच म्हणून हे औषध घ्यावं इतका पुरावा आज नाही. त्याच मोबाइलवर 'शंभर टक्के नैसर्गिक' कॅप्सूलही विकल्या जातात, महिन्याला तीन हजारांच्या; त्यांच्या मागचा पुरावा तर अगदीच तोकडा. भीती विकणं आणि तारुण्य विकणं, दोन्हींत बाईला विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती मात्र वेगळीच गोष्ट. चाळिशीत पाळी जास्त जायला लागली, गाठी जायला लागल्या, की लहान शहरांत पहिला सल्ला 'पिशवी काढून टाका' हा असतो. "मुलं झालीत ना? मग आता त्या पिशवीचं काय काम?" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की ते कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे की काय असं वाटावं. त्याआधी करून बघण्यासारखं पुष्कळ असतं: रक्तस्राव कमी करणाऱ्या साध्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनचा कोर्स, गर्भपिशवीत बसवायचं हार्मोनचं आययूडी. हे आययूडी तांबीसारखंच बसवतात, काही वर्षं चालतं, रक्तस्राव अगदी कमी करतं आणि पुढे एचआरटी लागली तर प्रोजेस्टेरॉनची बाजूही तेच सांभाळतं. त्याला काही हजार रुपये लागतात आणि ते खिशातून द्यावे लागतात. ऑपरेशनला विमा मिळतो, सल्ल्याला आणि गोळ्यांना बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. मग पिशवी निघते यात नवल काय?

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गेली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक तिशीतल्या. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. पुढे होऊ नये म्हणून हे सगळं झालं, आणि ते बरंच झालं. पण ज्यांची आधीच निघाली त्यांचं काय?

माजलगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर मी अशा काही जणींशी बोलले. एकीची पिशवी एकतिसाव्या वर्षी निघाली. आता ती अडतिशीची आहे. "अंगावरून जायचं, पांढरं. डाक्टर म्हनले, पिशवी खराब झालीया, काढली न्हाई तर कॅन्सर होतंय. फडात खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. मग काढून टाकली." ऑपरेशनचे पैसे मुकादमाच्या उचलीतून गेले आणि पुढच्या हंगामात फिटले. नंतर काय झालं, असं विचारलं तेव्हा तिने कमरेवर हात ठेवला. "मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढता येत न्हाई आता. गुडघे, कंबर. रातच्याला अंगातून आग निघती. थंडीत कोपीच्या बाहेर येऊन बसते मी."

तिच्या डिस्चार्ज कार्डावर तारीख आहे, रक्तगट आहे, ऑपरेशनचं इंग्रजी नाव आहे. बीजकोश ठेवले की काढले हे लिहिलेलंच नाही. आणि सगळा फरक तिथेच आहे. दोन्ही बीजकोश काढले तर पाळी जायला वर्षं लागत नाहीत; एका रात्रीत इस्ट्रोजेन कोसळतं. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळीच येत नसल्यामुळे ते कधी थकले हे कळायला काही खूण राहत नाही. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गेलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या बाईची हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकार लवकर गाठतो, स्मरणशक्तीवरही परिणाम होण्याची शक्यता वाढते. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, याबद्दल जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकमत आहे. २००२ची भीती तिला लागूच होत नाही, कारण त्या अभ्यासातल्या सगळ्या बायका पन्नाशीच्या पुढच्या होत्या. आणि गर्भपिशवी नसल्यामुळे तिला प्रोजेस्टेरॉनही सहसा लागत नाही. रोजची एक इस्ट्रोजेनची गोळी. या सबंध विषयातला सगळ्यांत सोपा, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गरजेचा उपचार तो हाच. महाराष्ट्रात ज्यांना तो मिळायला हवा त्यांना त्याचं नावही कुणी सांगितलेलं नाही, आणि ज्यांना नाव माहीत आहे त्या ठाण्या-पुण्यातल्या बायका तो घ्यायला घाबरतात.

काही हालचाल सुरू झाली आहे. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ पासून बायका-मुलांसाठी चालतं. तिथे २०२४ पासून रजोनिवृत्तीच्या पेशंटसाठी वेगळी ओपीडी आहे. जानेवारी २०२६ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने सरकारी रुग्णालयांत मेनोपॉज क्लिनिक सुरू केली. मला या बातमीने मनापासून बरं वाटलं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर या विषयाची पाटी लागते, त्या पाटीखाली बाई रांगेत उभी राहते, हे आजवर जवळजवळ झालंच नव्हतं. आता त्या क्लिनिकमध्ये फक्त रक्तदाब आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळणार की इस्ट्रोजेनही मिळणार, यावर सगळं अवलंबून आहे. औषध सरकारी साठ्यात नसेल तर डॉक्टर कितीही चांगला असला तरी चिठ्ठी बाहेरच्या केमिस्टची होते, आणि बाहेरची चिठ्ठी माजलगावच्या बाईच्या ओच्यात तशीच राहते.

दिवाळी झाली की बीड, जालना, अहिल्यानगरच्या तांड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या पाच-सहा महिन्यांनी परततात. क्लिनिक या बायकांसाठी असेल तर त्याचं वेळापत्रक हंगाम बघून लावावं लागेल. निघण्याआधी पिशवी काढलेल्या प्रत्येकीची नोंद आशाताईंनी आणायची, बीजकोश आहेत की नाहीत हे सोनोग्राफीत बघायचं, रक्तदाब आणि स्तनांची तपासणी करायची, आणि जिला चालतं तिला गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर द्यायच्या. हिशेबाला बाईमागे सहा पट्ट्या. सोबत मराठीत लिहिलेलं एक कार्ड, म्हणजे कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवून रक्तदाब मोजून घेता येईल आणि पट्टी संपली तर पुढची मिळेल.